पाण्यात गेलेला फराळ

दिवाळीच्या आधीचा रविवार, सकाळचे साडेसात. ठिकाण: उत्तनचा किनारा. हजर: मी, आमचे हे, यांची चौदा फुटी शिडाची होडी, ती सांभाळणारे कोळी मामा आणि फराळाचा मोठा स्टीलचा डबा. डब्याला हजेरीत घेतलं, कारण सगळा प्रवास त्याच्यासाठी होता.

लेकीला आम्ही याच वर्षी वसईला दिली. साखरपुड्यात विहीणबाई हसत म्हणाल्या होत्या, "नोकरीवाल्या तुम्ही, फराळ कुठे करत बसणार? विकतचा पाठवा, आम्ही काही म्हणणार नाही." काही म्हणणार नाही, हे त्यांनी आधीच म्हणून टाकलं होतं. म्हणून मी चार दिवस रजा काढली आणि चकल्या, करंज्या, चिवडा सगळं घरी केलं. तो डबा बाराच्या आत वसईच्या धक्क्यावर त्यांच्या हातात द्यायचा होता.

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरून ट्रेनने वसई म्हणजे तासाभराचं काम. पण यांनी पन्नाशी उलटल्यावर शीड हाकायला शिकून घेतलंय, आणि जावयासमोर वाऱ्यावर डुलत जायची यांना भारी हौस. मी एका अटीवर तयार झाले: सामानाची यादी माझी.

यादीत एकतीस बाबी होत्या. लाइफ जॅकेट दोन, दोरी, शिट्टी, पाणी उपसायचा मग, आल्याच्या वड्या, आणि सातव्या क्रमांकावर 'बूच'. होडीच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं. होडी वाळूवर ठेवली की त्यातून साचलेलं पाणी निघून जातं, आणि समुद्रात ढकलण्याआधी त्याला बूच लावतात. पूर्वी ते मामांकडेच असायचं. मागच्या खेपेला ते हरवू नये म्हणून मी घरी नेलं, डबीत घातलं, डबीवर चिठ्ठी लावली, डबी पिशवीत, पिशवी बॅगेत. निघताना सातव्या बाबीवर टिक केली.

मामा जाळं विणता विणता वर बघून म्हणाले, "ताई, आभाळ बरं न्हाय."

"मोबाईलवर स्वच्छ दाखवतोय," हे म्हणाले.

"मोबाईल कधी गेलाय समुद्रावर?" मामा म्हणाले आणि पुन्हा जाळ्यात शिरले.

पहिला अर्धा तास सुरेख गेला. होडी जरा जड वाटतेय असं हे म्हणाले, मी डब्याकडे अभिमानाने पाहिलं. खाडीच्या तोंडाशी आलो आणि वारा एकदम पडला. मग वसईकडून काळा पडदा ओढल्यासारखा पाऊस आला, मागोमाग असा वारा, की शीड उतरवताना हे त्यातच गुंडाळले गेले. आतून आवाज आला, "अगं, सुकाणू धर!" मी धरलं. तेवढ्यात पाणी उपसायचा मग उडाला. पिवळा होता, बराच वेळ दिसत राहिला.

पाय ओले झाले तेव्हा मला वाटलं, पाऊस आहे, पाणी येणारच. दहा मिनिटांनी पाऊस थांबला. पाणी थांबलं नाही. फळ्यांच्या वर येऊन घोट्याला लागलं.

"अहो," मी म्हटलं, "बूच तुम्ही लावलंत ना?"

"बूच तुझ्या यादीत होतं."

"यादीत 'घेणे' होतं. घेतलंय."

मी अर्ध्या मिनिटात बॅग, पिशवी, डबी उघडून बूच यांच्या हातावर ठेवलं. इतक्या लवकर कुणाला सापडलं नसतं, हे मला आजही नमूद करायचंय. हे पालथे पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून भोक शोधायला लागले. पाणी उपसायचं तर भांडं एकच उरलं होतं.

"चकल्या नको!" हे पडल्या पडल्या ओरडले. "चिवडा टाक!"

"चिवडा तळाशी आहे! वरचं काढल्याशिवाय चिवडा टाकू कसा?"

"मग करंज्या हातात धर!"

"एकसष्ट करंज्या?"

मी डोळे मिटले आणि डबा उपडा केला. चार दिवसांची रजा लाटेवर पसरली. मग एकशे बारा डबे पाणी उपसलं. मोजलं, कारण मोजल्याशिवाय मला काम होत नाही. बूच बसलं, वारा निवळला, आणि बाराला पाच कमी असताना आम्ही धक्क्याला लागलो.

विहीणबाई नवी साडी नेसून उभ्या. मी रिकामा डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि जे झालं ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "असू दे हो ताई, विकतचा फराळ काय, परत मिळेल."

मला तिथेच खाडीत उतरावंसं वाटलं. तेवढ्यात यांनी लाइफ जॅकेटच्या खिशातून हळूच एक चकली काढली. किनाऱ्यावरच डब्यातून लांबवलेली. भिजलेली, पण अख्खी. विहीणबाईंनी तुकडा मोडला, चावला, पुन्हा चावला.

"घरची आहे," त्या म्हणाल्या. "दुकानवाला एवढं मीठ घालेल तर गिऱ्हाईक मारेल त्याला."

डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. त्यांनी तो धुतला, काठोकाठ बेसनाचे लाडू भरले आणि वर म्हणाल्या, "आता चकल्या बिनमिठाच्या पाण्यातल्या पाठवा." आम्ही ट्रेनने परत आलो. होडी नंतर मामांनी ओढून आणली, एक शब्द न बोलता, तेच जास्त लागलं.

नव्या यादीत सातवी बाब आता दोन ओळींची आहे: बूच घेणे, बूच लावणे. लाडू संपले. डबा घासून ओट्यावर उभा आहे. तुळशीच्या लग्नाच्या आत चकल्या वसईला पोचायला हव्यात, आणि भाजणी अजून दळून आणायची राहिली आहे.