सव्वा मुठीचे रोट

दर श्रावणात कानबाईच्या सणाला गावी जाऊन फोटो काढायचं माझं वेड आता बावीस वर्षांचं झालंय, आणि खरं सांगतो, मला त्याचा वीट आलाय. भुसावळहून दोन एसट्या बदलायच्या, सातपुड्याच्या पायथ्याशी उतरायचं, मारुतीमागची टेकडी चढून मातीच्या धाब्याची घरं टिपायची. आता धाबी कुठली, पत्रेच जास्त. मग आमच्या ओट्यावर अख्ख्या भाऊबंदकीचा एक फोटो. पहिल्या वर्षी माणसं चौकटीत मावेनात म्हणून मी मागे सरकत सरकत उकिरड्यात पडलो होतो. गेल्या वर्षी ओट्यावर थोरली काकू एकटीच बसली होती. बाकीच्यांना फोटो ग्रुपवर पाठवला. त्यांनी हात जोडले.

यंदा मी काकूला सांगायला गेलो होतो की हे माझं शेवटचं येणं. गुडघे बोलायला लागलेत.

रोटांचा, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, आमच्या घरचा नेम असा, की प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घास द्यायचा नाही, पुनवेच्या आत संपवायचे. काकू सुरत-पुण्याला गेलेल्यांच्याही मुठी घ्यायची. येत कोणी नसे. मग ते वाळके रोट दुधात कुस्करून ती आणि मी चार-चार दिवस खात बसायचो. भक्तीने नव्हे, नाइलाजाने.

या वेळी मी पोचलो तेव्हा सवयीने सगळ्यांच्या मुठी सुपात घालून झाल्या होत्या. सुपाकडे बघत ती म्हणाली, "भाऊ, आते माले चावास नही. तुना जुना फोटो दखाड. जो येस नही, त्यानी मूठ नही."

मी पिशवीतून गठ्ठा काढला. तिला नीट दिसत नाही. ती बोट ठेवायची, "हाऊ कोन शे?" मी नाव सांगायचो, तो शेवटचा कधी आला तेही सांगायचो. मग ती सुपातली मूठ उचलून डब्यात परत टाकायची. धाकट्या काकांच्या दोघा मुलांपाशी तिचा हात थांबला, तेव्हा मलाच चहाडी केल्यासारखं वाटलं. आठवण राहावी म्हणून काढलेले फोटो, ते हजेरी घ्यायला कामी आले.

सूप रिकामं होत आलं तेव्हा मला सुटायची वाट सापडली. म्हटलं, "काकू, मी तर एकाही फोटोत नाही. माझीही मूठ काढ."

तिने फोटोंचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तू नही तं ह्या फोटो कोनी काढात?"

सुपात सव्वा मूठ गहू उरला होता, माझा एकट्याचा. तोही काढला असता तर त्या घरात कानबाईला रोट झाले नसते. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

रोट दोघांना जेमतेम पुरले, त्याच दिवशी संपले. निघताना तिने विचारलं, "पुढला साल येशी ना?"

मी हो म्हणालो. एसटीत बसल्यावर पुन्हा कंटाळा आला, पण शब्द देऊन झाला होता.