बोटीवरचा पहिला घास

मोंबासाला मुलीकडे निघालेल्या आम्हा उभयतांना बोटीवरही पनवेलचाच शेजार लाभला. हे गृहस्थ आमच्या बाजारात तांदूळ विकत. त्यांच्याशी नमस्कारापलीकडे परिचय नव्हता. आता मात्र समुद्र खवळलेला आणि जेवणाचे टेबल एकच. ते खांब धरत येत, एक घास गिळत, "जेवलो गो! बस आता तू," असे आपल्या पत्नीला मोठ्याने सांगत आणि तोंडावर पंचा दाबून कठड्याकडे धावत. दोन्ही वेळा हेच. वैतागून मी जेवायला जाणेच सोडले. "भूक नाही," असे सांगून केबिनमध्ये पडून राहू लागलो.

एका दुपारी डेकवर त्यांनी मला गाठले. "मास्तर, जेवाला येत नाय तुमी? बोट लागली का?"

मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "तुम्हाला सोसत नाही, तर टेबलाशी येता तरी कशाला?"

"मी नाय जेवलो तं ती घास नाय घेत. तापातून उठलीय बिचारी. किती सांगतो, आयकत नाय. मंग काय, खातो नि दर्याला देतो!" कठडा न सोडता ते हसले. "वयनी जेवते ना?"

मी खाली उतरलो. माझी पत्नी केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मलाही नको," असे ती रोज म्हणे आणि मी कूस बदलत असे.

त्या संध्याकाळी पत्नीला टेबलाशी आणून मी त्यांच्या शेजारी बसलो, एक घास गिळला आणि चारचौघांत, त्यांच्याइतक्याच मोठ्याने, तिला म्हणालो, "जेवलो. बस आता तू."