उतू न गेलेलं दूध

ज्याची हयात विजेच्या कामात चालली आहे त्यानं असल्या विषयावर लिहावं म्हणजे जरा कमालच. आमच्यात तार जोडली की दिवा लागतो, तुटली की जातो… मध्ये तिसरं कुणी नसतं. लहानपणी आमच्या भाजे गावात लेण्यांच्या वाटेवर काय काय दिसतं ते सांगणारे पुष्कळ होते. मी त्याच वाटेवर करवंदं खात हिंडलो, मला एकदाही काही दिसलं नाही. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मी लोणावळ्याला विजेच्या यंत्रांवर नोकरीला होतो, आणि तसलीच मोठी यंत्रं शिकायला मला स्वीडनला, स्टॉकहोम शहरात पाठवलं. आईवडील भाज्यात शेती बघायचे. निघताना आईनं एकच बजावलं, "काय बी खा, पन दूध तापवल्याबिगर पिऊ नगंस." सातासमुद्रापार जाणाऱ्या मुलाला सांगायला तिला एवढंच सुचलं, आणि मीही ते इमानेइतबारे पाळलं.

तिथे माझ्याबरोबर एरिक म्हणून एक अवलिया काम करायचा. पाव पोचवणारी एक जुनी मोटारलॉरी घेऊन त्यानं तिचं चक्क घर केलं होतं! आत फळ्यांच्या खाटा, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह. उन्हाळ्याची सुट्टी लागताच एरिक, त्याची बायको इंग्रिड, त्यांची चिमुरडी लिसा आणि मी, असे त्या घरात बसून शहर पालथं घालायला निघालो. तिकडे तेव्हा आपल्यासारखंच डाव्या बाजूनं हाकायचे, त्यामुळे एरिकनं चाक खुशाल माझ्या हातात दिलं. जुन्या पेठेतल्या बोळांतून ते धूड काढताना मला असा घाम फुटला की आपला घाट परवडला म्हणायची वेळ आली. सगळं शहर बेटांवर वसलेलं, एक पूल संपतोय तोवर दुसरा हजर. चार दिवस शहर बघून झालं, मग मेलारेन नावाच्या अफाट सरोवराच्या काठाकाठानं निघालो. आवडेल तिथे थांबायचं, पोहायचं, मासे भाजायचे. इतक्या सुखात मी आयुष्यात फार थोड्या वेळा राहिलो असेन.

दूध मात्र मी रोज तापवायचो. ती मंडळी गार दूध तसंच घटाघटा प्यायची आणि माझी चेष्टा करायची.

एका सकाळी मी दूध स्टोव्हवर ठेवलं. लिसा झोपली होती, इंग्रिड आत आवराआवर करत होती. तेवढ्यात उताराखालून, पाण्याच्या काठावरून एरिकनं हाक मारली. एका कोळ्याची होडी खडकात अडकली होती, ती ओढायला माणूस हवा होता. इंग्रिड आहेच, असं म्हणून मी गेलो. होडी काही केल्या निघेना. बऱ्याच वेळानं वळून बघतो तर इंग्रिड धुणं घेऊन आमच्या शेजारीच उभी!

"दूध?" मी विचारलं.

"तू स्टोव्ह बंद करून आला नाहीस?"

मुळातच गोरी, ती पांढरीफटक पडली. गाडी आतून सगळी लाकडाची, स्टोव्हच्या डोक्यावर पडदा, आणि आत लिसा एकटी. तो चढ धावताना माझ्या तोंडून फक्त "आई, आई" निघत होतं.

दार उघडलं. पातेलं खाली फळीवर उतरवलेलं, वर ताटली जराशी तिरकी, आमच्याकडे साय धरायला ठेवतात तशी. एक थेंब उतू गेला नव्हता. पडद्याला गाठ मारून तो वर खोचलेला. आणि स्टोव्ह… तो मात्र फरफर चालूच!

लिसा अंथरुणात बसून होती. म्हणाली, "आजी आली होती. तिच्या हातात किणकिण वाजत होतं."

किल्ल्यांचा जुडगा असेल, शेतावरची बाई असेल, असं एरिक म्हणाला आणि मला ते पटलं. आभार मानायला आम्ही जवळच्या शेतघरी गेलो. तिथे दोघे म्हातारे भाऊ राहत होते, बाईमाणूस औषधालाही नव्हतं. मला एक गोष्ट राहून राहून खटकायची. एवढी शहाणी बाई, पण स्टोव्ह का विझवला नाही तिनं?

घरी पत्रांतून मोटारीचं, सरोवराचं सगळं लिहिलं. हे मात्र मुद्दाम टाळलं. उगाच जिवाला घोर नको.

काम शिकून परतलो, मळवली स्टेशनवर उतरून चालत भाज्याला आलो. आईनं चहासाठी चुलीवर दूध ठेवलं. मी हातपाय धुवायला उठलो, तशी ती म्हणाली, "बस हितंच. त्या दिसासारका दूध ठिवून जाऊ नगंस."

"कुठल्या दिवशी?"

"तुजी ती घरगाडी न्हाई का… दुपारी जेवून जरा कलंडले व्हते, तर दुधाचा वास आला. बगते तर भुऱ्या केसांची पोर झोपलीया, आन् जाळावर पडदा हलतुया. उतरवलं बाई दूध."

तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडची दुपार, हे माझ्या लक्षात आलं. वडील ओसरीवर दोर वळत होते. ते हसून म्हणाले, "तवापास्नं ह्येच चाललंय तिचं. हितंच झोपलीवती की, माज्या म्होरं."

 तरी मी विचारलंच, "मग स्टोव्ह का नाही विझवलास?"

"आरं, लाकूड असतं तर मागं वढलं असतं! त्या मेल्याला लाकूडच न्हाई, इझवायचा कसा?"

दूध वर आलं होतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पातेलं उतरवलं. हातातल्या बांगड्या किणकिणल्या.

मी खूप डोकं चालवलं, एरिकलाही कळवलं. उलगडा आजवर झालेला नाही आणि होईल असंही वाटत नाही. पुढच्या खेपेला मात्र मी लोणावळ्याहून एक स्टोव्ह घेऊन भाज्याला गेलो आणि हवा सोडून तो कसा विझवायचा, ते आईला नीट शिकवलं.

तिनं तो दोनदा पेटवला, दोनदा विझवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजी परत जायाचा इचार हाय व्हय तुजा?"