बाबांच्या उजव्या पायाचा निकाल

समस्त दिग्रसकरांना, आणि दिग्रस सोडून पळालेल्या माझ्यासारख्या फरारी मंडळींना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की माझ्या बाबांच्या उजव्या पायाचा निकाल लागला आहे. कृपया उभे राहून वाचावे.

हा तोच पाय. मी पुण्याला निघालो तेव्हा एसटी सुटल्यावरही तो खिडकीखालून धावत होता. "पोचला का फोन करजो!" बाबा ओरडत होते, आणि एक चप्पल मागे स्टँडवरच राहिली होती. मी हसत होतो. तेव्हा हसू यायचं.

पुण्यात मी जखमेवरच्या पट्ट्या बनवतो. झिंग्याच्या कवचातून काढलेला पदार्थ आणि पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडापासून केलेले, केसाहून कितीतरी बारीक तंतू, यांचा पातळ पापुद्रा. गावात पऱ्हाटी चुलीत जाते. आमच्या लॅबमध्ये तिला हातमोजे घालून उचलतात.

यंदा वावरात पऱ्हाटीचाच खुंट बाबांच्या टाचेत घुसला. त्यात शुगर. टाच चिघळली, यवतमाळचे डॉक्टर पाय कापायचं बोलू लागले, आणि शेवटचा उपाय म्हणून त्यांना आमच्या पट्टीच्या चाचणीत घेतलं. त्या निर्णयात मला तोंड उघडू दिलं नाही, नियमच तसा. माळकरी बाबांनी एवढंच विचारलं, "झिंग्याचं हाय म्हणते. खावं तं नाही लागत ना?"

मग एका सकाळी मायचा फोन. "अरे, पट्टी फुगली. पिवळं, गिजगिजीत झालं. पूच हाय. तुह्या काकानं कात्री आणली."

"माय, हात नोको लावू! पट्टी जखमेचं पाणी पिऊन फुगते. पू नाही तो."

"पाह्यल्याबिगर तुले कसं समजते?"

मायचं बरोबर होतं. पूही असाच दिसतो. मी त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं आणि मिळेल ती बस धरली. वाटेत प्रत्येक थांब्यावर चहा घेतला आणि प्रत्येक ठिकाणी तो तसाच टाकून दिला.

यवतमाळला सिस्टर तो चिकट थर सलाईननं धुवू लागल्या. काकांच्या खिशातून कात्री डोकावत होती. थर सरकला. खाली लाल, ओलसर, दाणेदार मांस. नवंकोरं. डॉक्टरांनी वाकून वास घेतला, कडा दाबून पाहिल्या.

"पाय राहील."

घर म्हणजे काय, याचं माझं उत्तर आता फार छोटं आहे: पुढच्या खेपेला एसटीमागे कुणीतरी धावणार आहे.

माय डोळे पुसत होती. आणि बाबा, गळ्यातली तुळशीची माळ सावरत, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे बोलून गेले, "मंग एवढं केलं त्या बिचाऱ्या झिंग्यानं, तं एकडाव रस्सा खाऊन पाहू का?"