काकीची पुडी आणि माझी नवी झडप

“तुमची झडप पार आकसलीय, ताई. बदलावी लागेल.” इकोच्या खोलीत डॉक्टर हे म्हणाले तेव्हा मी काय विचारलं असेल? “परीक्षा आटपेपर्यंत थांबलं तर चालेल का?” सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! डॉक्टर हसले नाहीत. नाही चालणार, एवढंच म्हणाले.

विरारच्या मनवेलपाड्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर्षभर जिना चढताना मला धाप लागायची आणि मी ती वजनावर ढकलून मोकळी व्हायचे. आजाराचं नाव निघालं मायट्रल स्टेनोसिस. म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद होणं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, तेव्हापासूनच ती बिघडत आली होती.

ऑपरेशन नीट झालं. आदल्या दिवशी मी भरपूर रडून घेतलं होतं, त्यामुळे त्या दिवशी बरीच शांत होते. आत कृत्रिम झडप बसली. घरात सामसूम असली की तिची टिकटिक ऐकू येते. आमचे हे म्हणाले, आता घड्याळ घालायची गरज नाही तुला.

खरी कसोटी पुढे होती, आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी इथून नीट वाचा. कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून वॉरफरिन नावाची रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची. ती बरोबर चाललीय का हे आयएनआर या रक्ततपासणीत कळतं. माझा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा होता. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

घरी आल्यावर तीन आठवडे आकडा छान होता. मग एक पॉइंट सहा. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी एक पॉइंट चार. पुन्हा वाढवली. लॅबच्या बाकावर बसून मी रिपोर्टची वाट बघायचे आणि दर वेळी तोंड पाडून परत यायचे.

“पालेभाज्या किती खाता? दुसरं काही औषध?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे हो,” मी म्हणाले.

आता ऐका. वसईजवळच्या होळी गावात माझं माहेर. आमची भाजीची वाडी. आई लवकर गेली, मला गंगाकाकीनं वाढवलं. काकी झाडपाल्याचं औषध देते. अशक्तपणासाठी तिच्याकडे हिरवट पूड असते आणि ती न्यायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात ती भेटायला आली आणि मी वाळून गेलेली बघून तिनं महिन्याभराच्या पुड्या बांधून आणल्या. “रोज सकाळी अनशापोटी एक चमचा. काय हाय ते इचारू नको आनि कोनाला सांगू नको. नाव घेतलं का गुन जातो.”

आमच्याकडे ही रीतच आहे. ज्याच्या हाताला गुण असतो तो झाडाचं नाव सांगत नाही, आणि घेणाराही विचारत नाही. काकीला तिच्या सासूनं शपथ घालून ते दिलं होतं. मी काही अडाणी नाही. पण काकीची पुडी माझ्या लेखी औषध नव्हतीच, ती काकीची माया होती. मग डॉक्टरांना सांगायचं काय? बरं, सांगितलं असतं तर ते हसले असते, असंही मनात होतं.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वाल सोलत बसले होते. उजव्या हातातून वाटी पडली. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं, तर शब्दच येईना. पाच-सात मिनिटांनी सगळं जागेवर आलं. पण त्या पाच-सात मिनिटांत मी जशी घाबरले तशी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

पुन्हा हॉस्पिटल, त्यात सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाले, “टीआयए आहे. लकव्याचा इशारा समजा. या वेळी सुटलात. आकडा का वर येत नाही ते कळलं नाही, तर पुढच्या वेळचं सांगता येत नाही.”

माझी मुलगी रीमा कुवेतला नर्स आहे. तिनं व्हिडिओ कॉल केला तेव्हा शेजारी तिची फिलिपिनो मैत्रीण मॅरिसेल उभी होती. तीही नर्स. रीमानं सगळं सांगितल्यावर त्या बाईनं एकच प्रश्न केला आणि रीमानं तो मराठीत केला. “आई, ती विचारतेय, कुठला पाला घेतेस? त्यांच्याकडे घरोघर काही ना काही घेतातच म्हणे. आणि डॉक्टरला कोणी सांगत नाही.”

हजारो मैलांवरच्या त्या बाईनं मला बरोबर पकडलं की! मी रडायलाच लागले. म्हटलं, घेते गं, पण काय आहे ते मलाही ठाऊक नाही.

ठाऊक होतं ते एकट्या काकीला. हे तिला आणायला गेले. ती येईपर्यंत मला एकच धाकधूक, तिनं नाही म्हटलं तर? तिच्या दृष्टीनं नाव सांगणं म्हणजे दारात येणाऱ्या सगळ्यांचं औषध मारून टाकणं.

काकी आली. डॉक्टरांनी हात जोडून विचारलं, “काकी, पुडीत काय आहे?” काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गुन गेला तर जाऊं दे. पोर नाय जायला पायजे.” आणि तिनं सांगून टाकलं. सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला, कढीपत्ता, थोडी सुंठ.

डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. म्हणाले, “शेवगा वाईट नाही, काकी. पण त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं. त्यानं रक्त गोठायला मदत होते. माझी गोळी एकीकडे ओढतेय आणि तुमची पुडी दुसरीकडे. बरं झालं सांगितलंत. पुडी मध्येच संपली असती आणि ही वाढवलेली गोळी चालू राहिली असती, तर रक्तस्राव झाला असता.”

पुडी बंद झाली, गोळी नव्यानं ठरली. पालेभाजी मी सोडलेली नाही, फक्त दर आठवड्याला सारखीच खाते. आकडा आता जागेवर असतो. शेवगा म्हणजे काय ते रीमानं मॅरिसेलला फोटो दाखवून सांगितलं, तर ती टाळ्या वाजवत म्हणाली, अगं, हा तर आमचा मलुंगाय! तिची आजी बाळंतिणीला त्याचंच सूप द्यायची.

काकी अजून औषध देते. पण आता दारात आलेल्याला आधी विचारते, “डॉक्टरची कुठली गोळी हाय? आन, दाखव.” गोळी निघाली तर पुडीतल्या झाडांची नावं त्याच्याकडून पाठ करून घेते आणि आधी डॉक्टरकडे धाडते. लोक येतच राहिलेत.

आणि मी? रकाना मोकळा सोडला म्हणून कितीतरी पालकांचे फॉर्म परत पाठवणारी बाई! त्या दुसऱ्या डिस्चार्जच्या दिवशी मी माझी आयएनआर तपासणीची जुनी फाइल मागून घेतली. ‘इतर औषधे’ या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं होतं. ते मी खोडलं आणि लिहिलं, ‘शेवगा, कढीपत्ता, सुंठ. देणार : गंगाकाकी, होळी.’ काकी शेजारीच उभी होती. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, तर म्हणाली, “माजं नाव पन घातलंस? बरं केलंस.”