सुमेधची हार्डटेल

सायकल त्याला मोठी होत नव्हती. मी खोटं बोलले.

आज सुमेधला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सुमेध माझा धाकटा भाऊ. धानोऱ्याला राहायचा आणि पुढे जंगलातल्या एका आश्रमशाळेत गणित शिकवायचा. उंची सहा फुटाला दोन इंच कमी.

लहानपणापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. दमला, गारठला की अंगभर कळा. आमच्या भागातल्या लोकांना हा आजार समजावून सांगावा लागत नाही.

लहानपणी चामोर्शीच्या घरात माझं काम ठरलेलं होतं. तो नाल्यात उतरला की मी ओरडायचं. पळाला की धरून आणायचं. आई म्हणायची, तुझं लक्ष राहू दे.
आई गेली. लक्ष राहिलं.

अडतिसाव्या वर्षी त्याने सायकल घ्यायचं काढलं. घरापासून शाळेपर्यंत आधी डांबरी रस्ता, मग मुरूम, आणि शेवटी सागवानातून पायवाट. मोटरसायकलवर रोज जायचाच. पण त्याला ती वाट स्वतःच्या पायांनी जायची होती.

डॉक्टर हो म्हणाले. दमायचं नाही, थंडीत निघायचं नाही, पाणी पीत राहायचं. एवढंच.

त्याला हार्डटेल हवी होती. म्हणजे पुढे शॉकर, मागे काही नाही. शाळेतले सगळे म्हणाले, सर, डबल शॉकरवाली घ्या, भारी दिसते.
त्याचं एकच उत्तर. "मांगचा शॉकर चढावर आपलीच ताकद खाते. माह्याजवळ तेवढी हाय कुठी?"

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर तो भांडला असता, आणि जिंकला असता.

मी अभ्यास केला.

चंद्रपुरात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी सायकलींचे व्हिडिओ पाहायचे. मग रविवारी त्याला फोन.

हायड्रॉलिक ब्रेक चांगले, पण बिघडले तर धानोऱ्यात कोण दुरुस्त करणार? मग केबलचे पाहा.
केबलचे सापडले तर, अॅल्युमिनियमची फ्रेम मोडली तर गावातला वेल्डर जोडू शकत नाही. स्टीलची पाहा.
स्टीलची सापडली तर जड आहे.
टायर रुंद हवेत, मुरमावर घसरतं. फार रुंद नकोत, डांबरीवर ओढत नाही. मागे कॅरिअर बसवायला भोकं आहेत का? नाहीत? मग वह्या कशावर नेशील?

तो प्रत्येक वेळी नवी यादी करायचा. एकदा हसत म्हणाला, "भाऊजीले पाह्यला तवा पंधरा मिनिटात हो म्हणली तू, बाई. सायकलीले वरीस लावून राह्यली."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

शेवटी माझे प्रश्न संपले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरला गेलो. दुकानात ती होती. काळी, स्टीलची, कॅरिअरची भोकं असलेली, साइझ लार्ज.

दुकानदार म्हणाला, गल्लीत चक्कर मारून या.

तो गेला. मी त्याची पाण्याची बाटली धरून फुटपाथवर उभी.
परत आला, पण थांबला नाही. माझ्यासमोरून निघून गेला, दुसऱ्या चक्करला. पेडलवर उभा राहून.

मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. मला सागवानातल्या वाटेवर तो एकटा दिसला.

तो आला. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, "हेच."

मी म्हटलं, तुला मोठी होते. मीडियम लागेल.

दोन्ही पाय टेकून उभा होता तेव्हा दांड्याच्या वर चार बोटं जागा होती. अगदी असावी तेवढी. ते मला त्याच्याइतकंच कळत होतं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, मीडियम मागवावी लागेल, दीड महिना तरी.

मी म्हटलं, चालेल.
सुमेधने सायकल स्टँडला लावून दिली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. तेव्हा तो ना पळत होता, ना चढ चढत होता. खुर्चीत बसून चाचणीचे पेपर तपासत होता.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या दिवशी जरा बरा वाटला. मी त्याला संत्रं सोलून देत होते. न राहवून सांगितलं, ते सायकल तुले बरोबर होती.

त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मले मालूम हाय."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू लय भेली होती. भेलेल्या माणसासंग काय भांडाव?"

मला रडू आलं. तो म्हणाला, संत्रं दे. दोन फोडी खाल्ल्या. मग म्हणाला, "घरी गेलो का मीच फोन करतो दुकानात. लार्ज सांगतो. तू मधात बोलू नको."

मी म्हटलं, नाई बोलत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

महिन्याभराने दुकानातून फोन आला. मॅडम, मीडियम आली. मी म्हटलं, ज्याला बरोबर बसेल त्याला द्या. आणि फोन ठेवला.

लोक म्हणतात, तू त्याला किती जपलंस. हे ऐकलं की मी उठून आत जाते. मी त्याच्या आयुष्याचं एक वर्ष प्रश्न विचारण्यात घालवलं. त्याच्याकडे एकच वर्ष होतं, हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. पण घाई फक्त त्याला होती.

सुमेध, या वेळी मी खरंच मधे बोलले नसते रे.

तुला भरल्या मनाने निरोप.
तुझी बाई.