स्टिअरिंगवरची धूळ

बाबांनी अंबरनाथला आयुष्यभर रिक्षा चालवली. सकाळी हँडलला लावलेला हात कपाळाला टेकवल्याशिवाय त्यांनी ती कधी सुरू केली नाही.

इथे परदेशात लायसन्सच्या टेस्टला गाडीत बसलो, तर माझाही हात आपोआप स्टिअरिंगवरून कपाळाला गेला. शेजारच्या परीक्षक बाईंनी विचारलं, "हे काय?"

"धूळ पुसली," मी म्हणालो. धूळ काय कपाळाला पुसतात? पण गाढवासारखं बोलून गेलो खरा.

पास झालो. घरी फोन लावला. बाबांचा पहिला प्रश्न, "गाडीच्या पाया पडलास ना?"

"हो."

"मग मॅडमनी विचारलं असेल. सांगितलंस ना, वडील रिक्षा चालवायचे, त्यांनी शिकवलं म्हणून?"

"आवाज कट होतोय, बाबा," म्हणत मी फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.